कळ काढणे

रविवारी सकाळी अकरा वाजता सगळ्यांनी अण्णांच्या खोलीत जमायचं, असा हुकूम शुक्रवारीच निघाला होता. हुकूम म्हणजे अगदी लेखी. अण्णांची, म्हणजे दीनानाथ टेंब्यांची, उभी नोकरी दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कचेरीत इंग्रजी आदेशांचं हिंदी करण्यात सरली होती, आणि निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी घरातला निरोपसुद्धा ते परिपत्रकासारखा काढत. फ्रिजवर चुंबकाखाली कागद लागला: 'विषय: पट्ट्यांबाबत निर्णय. सर्वांची उपस्थिती प्रार्थनीय.' खाली सही. सहीचं शेवटचं वळण मात्र थरथरत कागदाबाहेर निघून गेलं होतं.

वैभवीने तो कागद दोनदा वाचला. सून म्हणून कऱ्हाडहून या घरात आली त्याला पंचवीस वर्षं झाली होती, आणि अण्णांनी 'निर्णय' हा शब्द वापरला की तो आधीच झालेला असतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

पट्टे म्हणजे दुखणं दाबणारे औषधी पट्टे. फेब्रुवारीत अण्णांच्या प्रोस्टेटचा कॅन्सर कण्यात आणि खुब्यात उतरलाय हे कळलं, आणि एका मोठ्या खासगी हॉस्पिटलाने हे पट्टे लिहून दिले. दंडावर चिकटवायचा, तीन दिवसांनी बदलायचा. ऑगस्टच्या घामात त्याची कड सुटायची, मग वैभवी वरून चिकटपट्टी लावत बसायची, कारण एक पट्टा वाया जाणं म्हणजे घरातलं आठवड्याचं दूध, भाजी आणि वर गॅस पाण्यात जाणं. पेन्शनरांच्या दवाखान्यात तो मिळत नव्हता. राजीवने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, कंपनीतल्या प्रॉव्हिडंट फंडाला हात घातला होता. त्याची धाकटी बहीण वृंदा दर महिन्याला गुरुग्रामहून पैसे पाठवत होती आणि पाठवताना न चुकता एक सल्लाही पाठवत होती. आणि इशिताने, वैभवीच्या लेकीने, जूनमध्येच सांगून टाकलं होतं, "मम्मा, लॉची अ‍ॅडमिशन नेक्स्ट इयर बघू. मला तसाही ब्रेक हवाय यार." ब्रेक कसला डोंबलाचा, हे आई ओळखून होती. दुर्दैवाने आजोबाही ओळखून होते.

या सगळ्या काळात त्यांच्या दारात एकच माणूस असं आलं की ज्याला चहाशिवाय काही द्यावं लागत नव्हतं. सिस्टर लिसी. घरी येऊन दुखणाइतांकडे बघणारी एक धर्मादाय संस्था होती, तिची ती नर्स. देव कुठल्याही रूपात येतो म्हणतात. टेंब्यांकडे तो पाठीला सॅक लावून, मेट्रोने, केरळी वळणाची हिंदी बोलत दर गुरुवारी यायचा. सिस्टरनेच इशिताला वही घालून दिली. दिवसातून चार वेळा आजोबांना विचारायचं, शून्य ते दहापैकी दुखणं कितीवर आहे, आणि ते लिहायचं.

अण्णांनी आकडा सांगायला साफ नकार दिला. "दुखण्याला मार्क द्यायला मी काय बोर्डाचा परीक्षक आहे?"

"आंकड़ा नहीं तो शब्द लिखो," सिस्टर म्हणाली. "बाबूजी जो बोलें, वही."

म्हणून इशिता शब्द लिहायला लागली, सिस्टरला वाचता यावेत म्हणून हिंदीत. हे काम तिच्याकडेच होतं. राजीव सकाळी साडेआठला बाहेर पडायचा, वैभवी त्याच्याही आधी. नोएडातल्या शाळेचं ग्रंथालय तिच्याशिवाय उघडत नसे. आजोबा-नातीची ती चार वेळची भेट मजेची असायची. इशिताचं मराठी दिल्लीत वाढलेलं, त्यात हिंदीची ठिगळं जागोजागी. "आजोबा, ती माझीवाली उशी घ्या," म्हटलं की दुखण्यातही अण्णा चूक दुरुस्त करायचे. "वाली रामायणात मेला. मराठीत नुसतं 'माझी' म्हणायचं."

रविवारी अकराला पाच कमी असताना वृंदा दोन मेट्रो बदलून मयूर विहारला पोहोचली. घामाने भिजलेली, हातात निळी फाइल. चपला काढता काढताच तिने विचारलं, "वहिनी, दादाने काय ठरवलंय?"

"त्याने नाही, अण्णांनी ठरवलंय. आणि काय ठरवलंय ते मलाही माहीत नाही."

"मी गुरुग्रामला बोलून आलेय. पाठीच्या कण्यात एक पंप बसवतात. दुखणं मुळातूनच बंद." तिने फाइल छातीशी धरली. "महाग आहे. पण बिल्कुल वर्थ आहे."

राजीव आतून आला. "वृंदा, पंपाचं अण्णांसमोर काढू नकोस."

"का? तुला परवडत नाही म्हणून?"

"त्यांना हॉस्पिटल नकोय म्हणून."

वैभवी मध्ये पडली नाही. ही दोघं अशी लहानपणापासूनची, सरोजिनी नगरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात एका टेबलफॅनवरून भांडत वाढलेली. दोघांनाही बाप जिवापाड प्यारा, आणि दोघांनाही वाटायचं की दुसऱ्याला तेवढा नाही.

अण्णा तीन उशांना टेकून बसले होते. स्वच्छ सदरा, विंचरलेले केस. मांडीवर इशिताची वही आणि तिच्यात खूण म्हणून घातलेलं लाल पेन. "बसा," ते म्हणाले. सगळे बसले. इशिता पायथ्याशी.

"मी फार बोलणार नाही. या वहीत गेल्या तीन आठवड्यांची नोंद आहे, आणि ती माझी नाही, तिऱ्हाइताची आहे." त्यांनी इशिताकडे मान वळवली. वही उघडली आणि शुद्ध, ठाशीव हिंदीत वाचायला लागले. "सात अगस्त, सुबह. दर्द निकाल रहे हैं. दोपहर, दर्द निकल गया. शाम, दर्द निकल गया. आठ अगस्त, सुबह, दर्द निकल गया. पुढेही तेच आहे. वाचत बसत नाही." वही मिटली. "तेव्हा दुखणं गेलेलं आहे. जे गेलं त्याच्यावर औषध कशाला? उद्यापासून पट्टा बंद. डॉक्टर आज येणारच आहेत, त्यांना मी सांगतो. आणि इशिताने लॉचा फॉर्म भरायचा. शेवटची तारीख गुरुवार आहे, मी चौकशी केली आहे."

वैभवीने नवऱ्याकडे पाहिलं. राजीवचे खांदे किंचित खाली आले होते, दिवसभराची पिशवी जमिनीवर ठेवावी तसे. लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण तो घाईने म्हणाला, "अण्णा, पैशांचा विचार तुम्ही करू नका."

"मी पुराव्याचा विचार करतोय."

"पण खरंच दुखत नसेल तर..." राजीव अडखळला.

"बघ!" वृंदा उसळली. "लगेच पटलं तुला! पट्टा बंद झालेला तुला बरंच आहे ना, दादा?"

"वृंदा!"

"भांडू नका," अण्णा म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. बाकीच्यांना वाटलं, वैतागून मिटले. वैभवीला मात्र चादरीवरची त्यांची मूठ दिसली. चादरीचा बोळा मुठीत गच्च आवळलेला होता.

आता इथे वैभवीचं खरं सांगायला हवं. अण्णांचं म्हणणं ऐकून एका कोपऱ्यात तिलाही बरं वाटलं होतं. लेकीचा फॉर्म, फंडातले उरलेले पैसे, नवऱ्याची झोप, सगळं एका वाक्यात सुटत होतं. गप्प बसायचं, एवढंच काम होतं. तिने नजर वळवली, तर ती पलंगाशेजारच्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर गेली. अण्णांची जुनी खोड होती: रोजचं हिंदी वर्तमानपत्र ते लाल पेन घेऊन वाचत. ऱ्हस्व-दीर्घ, चुकलेलं लिंग, इंग्रजीवरून उचललेलं वाक्य, जे दिसेल त्याला गोल. रद्दीवाला म्हणायचा, आपके यहाँ का अख़बार तो पास-फेल होकर आता है. वैभवीने वरचा अंक उचलला. कोरा. खालचा कोरा. त्याच्या खालचाही. तीन आठवड्यांत दिल्लीतल्या वर्तमानपत्रात एकही चूक झाली नाही, हे तिच्यासारख्या ग्रंथपालबाईला पटणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात बेल वाजली. सिस्टर लिसी आणि तिच्यासोबत संस्थेचे डॉक्टर अंशुमन. पस्तिशीतले, मूळचे पाटण्याचे, चार मजले चढून धापा टाकत आलेले. लिफ्ट पुन्हा बंद होती.

"डॉक्टर साहब," अण्णांनी हात जोडले, "आपकी और सिस्टर की कृपा से पीड़ा समाप्त है. पट्टे की अब आवश्यकता नहीं रही."

डॉक्टरांनी वही हातात घेतली आणि उभ्याउभ्याच पानं उलटली. "रिकॉर्ड तो कमाल का रखा है. किसने, इस बिटिया ने?" इशिता लाजली. "अगर सचमुच इतना आराम है, तो धीरे-धीरे कम करके बंद कर सकते हैं. क्यों सिस्टर?"

सिस्टर अण्णांच्या कपाळावरचा घाम बघत होती. पंखा पाचवर होता.

"इशू," वैभवी म्हणाली, "आजोबा रोज नक्की काय म्हणतात? तू लिहितेस ते नाही. त्यांचे शब्द."

"तेच तर लिहिलंय मम्मा."

"मराठीत सांग."

इशिताला प्रश्नच कळेना. "मी विचारते, कसं वाटतंय? ते म्हणतात, 'कळ काढतोय.' मग कधी म्हणतात, 'काढली कळ.' कळ म्हणजे दर्द ना? काढली म्हणजे निकाली. दर्द निकल गया." तिने सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "काय झालं?"

वृंदाने तोंडावर हात ठेवला. तिची गेलेली आई, माई, गुडघा फुटला की फुंकर घालत हेच म्हणायची: जरा कळ काढ, बाळा. राजीव खिडकीकडे वळला आणि तिथेच उभा राहिला.

"क्या हुआ?" डॉक्टरांनी विचारलं. "इसका मतलब कुछ और है?"

सासऱ्यांच्या शब्दाला चारचौघांत खोटं पाडायची वेळ वैभवीवर आजवर आली नव्हती. अण्णा तिच्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत हुकूम नव्हता, विनंती होती. गप्प बस, पोरी. ती विनंती तिला स्पष्ट ऐकू आली आणि तिने ती मोडली.

"इसका मतलब है सहना, डॉक्टर साहब. दाँत भींचकर सहते रहना. तीन हफ़्ते से वो रोज़ चार बार यही बता रहे हैं कि मैं सह रहा हूँ. और हम सब खुश हो रहे हैं."

इशिता रडायला लागली, लहान मुलासारखी, आवाज करून. "मला माहीतच नव्हतं... आजोबा, मला कुणी सांगितलंच नाही..."

आणि वैभवीला कळलं की खरंच कुणी सांगितलं नव्हतं. 'जेवायला ये', 'पंखा बंद कर', 'पाया पड', एवढं मराठी तिने लेकीला शिकवलं होतं. 'कळ काढ' म्हणायची वेळच येऊ दिली नव्हती. पोरीला जरा खरचटलं की हे सगळं घर औषध घेऊन धावत सुटायचं. जो शब्द तिला कधी जगावाच लागला नाही, तो तिला येणार कुठून?

"रडू नकोस," अण्णा म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "चूक तुझी नाही. मी पाचव्या दिवशीच वही चाळली होती. भाषांतर चुकलंय हे तेव्हाच कळलं."

"आणि तुम्ही दुरुस्त नाही केलंत?" राजीव वळला. "तुम्ही?"

"चाळीस वर्षं लोकांच्या चुका दुरुस्त केल्या रे. एक चूक पहिल्यांदाच सोयीची निघाली." ते हसायला गेले आणि मध्येच थांबले, कारण खुब्यातून काहीतरी वर आलं होतं. या वेळी त्यांना ते लपवायची गरज उरली नव्हती. "हिचं वर्ष जाणार, तुझा फंड जाणार, वृंदा दर महिन्याला... आणि मी तर जाणारच आहे. एवढं महाग जाणं बरं दिसत नाही."

वृंदा निळी फाइल खाली टाकून त्यांच्या पायाशी जाऊन बसली. तिने पायावर डोकं ठेवलं.

डॉक्टर अंशुमनना मराठी येत नव्हतं, पण यातलं काही कळायचं राहिलं असेल असं वाटत नाही. ते पलंगाच्या कडेवर बसले. "बाबूजी, अब परीक्षक बन जाइए. दस में से कितना?"

अण्णांनी नातीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आठ. रात को नौ."

"निगलने में कोई दिक़्क़त?"

"नहीं. बहू के हाथ का सब निगल लेता हूँ."

"तो फिर पट्टा क्यों? पट्टा तो उनके लिए ठीक है जो निगल न पाएँ." त्यांनी राजीवकडे वळून सांगितलं की यावर एक जुनी, साधी गोळी आहे. मॉर्फीन. हिशेबाने, दर चार तासांनी. संस्थेकडे ती ठेवायचा परवाना आहे, एक फॉर्म आणि सही, बस. महिन्याभराच्या गोळ्या या एका पट्ट्याच्या किमतीतही बसतील, आणि ज्यांना तेही जमत नाही त्यांना संस्था तशीच देते. खुब्याला एकदाच रेडिएशनचा शेक देता येईल, त्याचंही ते बघतील.

"मॉर्फीन?" राजीव दचकला. "म्हणजे... अफ़ीम? लत लग जाएगी ना?"

"दर्द के लिए, नाप के लेंगे तो उसका डर मत रखिए. कब्ज़ होगी, उसकी दवा साथ में दूँगा. पट्टे में भी इसी ख़ानदान की दवा है, साहब. बस कपड़े महँगे पहनती है."

राजीव खुर्चीत बसला. सहा महिने ज्या आकड्याने त्याला झोपू दिलं नव्हतं, तो कुणीतरी दोन वाक्यांत खोडून टाकला होता. त्याने डॉक्टरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "आप चाय लेंगे ना?"

पट्टा त्या दिवशी लगेच काढला नाही. डॉक्टरांनी त्यावरच छोटी गोळी सुरू केली आणि पहिल्या डोसनंतर तासभर स्वतः बसून राहिले. वैभवीने पोहे केले. वृंदा स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली.

"वहिनी, तू बोलली नसतीस तर?"

"तूही बोलली असतीस."

"नाही गं. मला ती वही खरी वाटली. खरी वाटावी असं वाटत होतं." तिने लिंबं चिरायला घेतली. "मी दादाला किती बोलले! त्याला सांग, सॉरी म्हणून."

"तूच सांग. एका टेबलफॅनखाली वाढलात ना?"

तिने सांगितलं की नाही ते वैभवीला कळलं नाही. पण जाताना निळी फाइल रद्दीवर ठेवून गेली आणि दारातून ओरडून गेली, "दादा, इशूच्या पहिल्या वर्षाची फी मी भरणार आहे, मध्ये बोलायचं नाही!" आणि आश्चर्य म्हणजे राजीव मध्ये बोलला नाही.

बुधवारी, फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी, वैभवीने सुट्टी काढली होती. इशिता लॅपटॉपवर फॉर्म भरत होती. दुपारी चारला घड्याळ वाजलं तशी ती वही घेऊन आजोबांकडे गेली, आणि वैभवी चहाचा कप घेऊन मागोमाग. दारातच तिचे पाय थबकले. अण्णा बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र, आणि पहिल्याच पानावर पाच लाल गोल. सहाव्यासाठी पेन उचललेलं.

वैभवीचे डोळे भरून आले. तिने मनातल्या मनात हात जोडले: सिस्टरला, त्या धापा टाकणाऱ्या डॉक्टरांना, हुकूम काढून सगळ्यांना जमवणाऱ्या या हट्टी म्हाताऱ्याला, आणि ती गोळी पहिल्यांदा शोधणाऱ्या कुणा अनोळखी माणसालाही. कॅन्सर गेला नव्हता. तो जाणार नव्हता. पण माणूस परत आला होता.

"आजोबा, कितीवर आहे?"

"दोन."

"आणि शब्द?"

अण्णांनी थोडा विचार केला. "लिही, कळ काढली."

इशिताचं पेन थांबलं. आता ती एकदा पोळलेली होती. तिने डोळे बारीक केले आणि घाईत तिचं दिल्लीचं मराठी सुटलं. "म्हणजे कुठली? तुमचीवाली की माझीवाली?"

वैभवी वाट बघत राहिली. आता वाली रामायणात मरणार, हे ठरलेलं होतं.

अण्णांनी चष्मा काढला, नातीकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तुझीवाली."